ट्रे फ्लिप : गिरकी येते, पलटी येते, मागचा पाय येत नाही

चाकपाणी | ३ मार्च, रात्री ९:४०

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज दोन्ही गुडघे टेकले, खरोखरचे, काँक्रीटवर, म्हणून धागा काढतोय.

वय ३६. दोन वर्षांपूर्वी स्केटबोर्ड हाती घेतला, पायी घेतला म्हणा. ऑली (बोर्डसकट उडी), शव-इट (बोर्डाची सपाट गिरकी), किकफ्लिप (बोर्डाची पलटी) अशा रांगेने आलो. किकफ्लिप दहातून सात वेळा बसते. व्हेरियल किकफ्लिप (पलटीसोबत अर्धी गिरकी) चार वेळा, तीही कोणी बघत नसताना. नोव्हेंबरपासून ट्रे फ्लिपच्या मागे लागलोय. चार महिन्यांची कमाई म्हणजे हिरव्या-निळ्या नडग्या.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: टेल, म्हणजे बोर्डाचं मागचं टोक, आपटून बोर्ड हवेत उडवायचा. तो जमिनीला समांतर राहून पूर्ण ३६० अंशांची गिरकी घेतो आणि त्याच वेळी स्वतःच्या लांबीभोवती एक पलटी खातो. आपण फिरायचं नाही. तोवर वर लटकून राहायचं आणि चाकं खाली आली की दोन्ही पाय ठेवून उतरायचं. ऐकायला सोपं आहे.

माझं दुखणं असं. बोर्ड फिरतो. पलटीही पूर्ण होते. पुढचा पाय बरोबर बोल्टवर (चाकांची जोडणी फळीला बसते तिथे) उतरतो आणि मागचा पाय जमिनीवर. दर वेळी. गेल्या रविवारी मोजलं: ६० प्रयत्न, त्यातले ४१ हुबेहूब असेच. उरलेल्यांत बोर्ड कुठे, मी कुठे.

माझा अंदाज, पुढच्या पायाचा फ्लिक, म्हणजे पलटी देणारा झटका, कमी पडतोय. म्हणून तीन आठवडे तो झटका जोरात मारतोय. आता बोर्ड माझ्यापासून दोन हात लांब जाऊन पडतो. रेग्युलर स्टान्स, म्हणजे डावा पाय पुढे. डेक, म्हणजे फळी, सव्वाआठ इंच रुंद. पुढचा पाय पुढच्या बोल्टच्या जरा मागे, तिरका, टाच बाहेर लोंबती. मागचा पाय टेलच्या मधोमध.

कुठे चुकतंय?

ग्रिपटेप_गण्या | ३ मार्च, रात्री ९:५२

काका भारी!! मला ट्रे यायला आठ महिने लागले. तुम्ही चारच महिन्यांत पुढचा पाय ठेवताय.

चाकपाणी | ३ मार्च, रात्री ९:५५

आठ महिने ऐकून धीर आला. काका ऐकून गेला.

ढोपरफुट्या | ३ मार्च, रात्री १०:३०

अरे चाकपाणी, उत्तर तुझ्या शेवटच्या ओळीतच आहे. "मागचा पाय टेलच्या मधोमध." तो पाय ऑलीचा झाला. मधोमध आपटलास की बोर्ड सरळ वर येतो, गिरकीला काही मिळत नाही. मग ती गिरकी तू पुढच्या पायाने लाथाडून काढतोयस. म्हणून बोर्ड लांब पळतो.

ट्रे फ्लिप मागच्या पायाची आहे. टेल जिथून वर वळायला लागतं तिथे, बोटांकडच्या काठाशी, एक खोलगा असतो. मागच्या पायाचा अंगठा आणि चवडा तिथे रोव. बोटं काठाबाहेर किंचित डोकावली तर उत्तम. टाच उचललेली. आता खाली आपटायचं आणि त्याच दमात टेल आपल्या पाठीच्या दिशेने ओढायचं. बैल खुराने माती मागे उकरतो बघ, तसं. खाली-मागे एकच हालचाल. आधी खाली आणि मग मागे केलंस तर तोवर बोर्ड निघून गेलेला असतो.

पुढच्या पायाला एवढंच काम: वाटेत न येणं आणि जाताजाता टाचेकडच्या काठाला स्पर्श करून पुढे निसटणं. किकफ्लिपच्या निम्मासुद्धा जोर नको.

दोन्ही बुटांचे फोटो टाक.

चाकपाणी | ४ मार्च, सकाळी ७:१५

टाकले. डाव्या बुटाला करंगळीपाशी भोक, आत मोजा दिसतोय. उजवा बराच नवा वाटतो.

ढोपरफुट्या | ४ मार्च, सकाळी ८:०२

उजव्या बुटाच्या अंगठ्याकडची कड नव्यासारखी कोरी आहे. चार महिने ट्रे फ्लिप करणाऱ्याची ती घासलेली असते. तू चार महिने फार अवघड व्हेरियल किकफ्लिप करतोयस.

भौतिकभाऊ | ४ मार्च, दुपारी १:२०

ढोपरफुट्यांशी सहमत, आणि त्यामागचं गणित. सोसवेल इतकंच सांगतो.

बोर्ड साधारण ८१ सेंमी लांब आणि २० सेंमी रुंद. एखादी वस्तू फिरवायला किती नेट लागतो हे तिचं वजन अक्षापासून किती दूर पसरलंय यावर ठरतं, आणि ते अंतर हिशोबात वर्गाने येतं. पलटीत बोर्ड लांबीच्या अक्षाभोवती फिरतो, वजन जेमतेम १० सेंमीपर्यंत पसरलेलं. गिरकीत तो उभ्या अक्षाभोवती फिरतो, तेव्हा नोज (पुढचं टोक) आणि टेल अक्षापासून ४० सेंमी दूर. ट्रक (चाकांचे धातूचे आस) आणि चाकं बाजूला ठेवून नुसती फळी धरली, तर गिरकीचं जडत्व पलटीच्या सोळा-सतरा पट भरतं. ट्रक लावल्यावर आकडा बदलेल, कल तोच राहील.

थोडक्यात, पलटी फुकटात मिळते आणि गिरकी महाग पडते. ती महाग गोष्ट तुम्ही पुढच्या पायाच्या बोटांकडून वसूल करू बघताय. टेल हे बोर्डाचं टोक, तिथे तरफ सगळ्यात लांब. म्हणून जोर तिथेच लावायचा. शिवाय अंगठा खोलग्यात, म्हणजे मधल्या रेषेच्या एका बाजूला असतो, त्यामुळे त्याच रेट्यात थोडी पलटीसुद्धा सुरू होते. पुढचा पाय ती फक्त पूर्ण करतो.

वेळेचंही बघा. बोर्ड ३० सेंमी वर गेला तर हवेत जवळपास अर्धा सेकंद असतो. २० सेंमीच गेला तर ०.४ सेकंद. गिरकी, पलटी आणि दोन पाय, सगळं त्यात बसवायचं. कमी उंचीवर हळूहळू शिकू म्हणणाऱ्यांना वेळच कमी मिळतो.

वाचनमात्र_वामन | ४ मार्च, दुपारी १:४१

स्केटबोर्डला कधी हात लावलेला नाही, लावणारही नाही. तरी धागा सोडवत नाही. वाखू (वाचनखूण) साठवली आहे.

तिरपी_टाच | ४ मार्च, संध्याकाळी ६:१०

भौतिकभाऊंचं पटलं, ढोपरफुट्यांचंही. पण चाकपाणी, तुम्ही लिहिलंय की पलटी आणि गिरकी पूर्ण होते आणि पुढचा पाय बोल्टवर पडतो. स्कूप, म्हणजे मागच्या पायाची ती ओढ, कितीही वाईट असला तरी ६० पैकी ४१ वेळा बोर्ड तुमच्या खाली येतोय ना? मग मागचा पाय जमिनीवर का जातो, याचं उत्तर स्कूपमध्ये मिळणार नाही.

मला शंका आहे की तो पाय पडत नाहीये, तुम्ही तो ठेवताय. हार्डफ्लिप शिकताना मी सहा महिने हेच केलं. त्यात बोर्ड उभा होऊन दोन पायांमधून जातो, त्यामुळे भीती कशाची ते सांगायला नको. मला मात्र मी घाबरत नाही याची पक्की खात्री होती.

मोबाइलवर स्लो मोशन घ्या. बाजूने, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर. बोर्ड बघू नका, मागचा पाय कधी खाली निघतो तेवढं बघा.

ग्रिपटेप_गण्या | ४ मार्च, संध्याकाळी ६:१८

+१ आणि काका, उभ्या उभ्या करताय का? चालत्या बोर्डवर करा. थांबलेल्या बोर्डवर शिकलेला ट्रे हा ट्रे नसतो.

ढोपरफुट्या | ४ मार्च, संध्याकाळी ७:४५

गण्या, झालं तुझं सुरू. थांबून शिकण्यात पाप नाही. पाय कुठे ठेवायचा, कसा ओढायचा हे कळेपर्यंत चाकं फटीत अडकवून किंवा गवतावर केलं तरी चालतं.

ग्रिपटेप_गण्या | ४ मार्च, संध्याकाळी ७:५१

गवतावर टेल पॉपच होत नाही (आपटून उसळतच नाही) दादा. गवतावर दोनशे केले की काँक्रीटवर पहिल्यापासून सुरुवात. माझं झालंय.

तिरपी_टाच | ४ मार्च, रात्री ८:३०

दोघांचंही थोडं खरं. थांबलेल्या बोर्डवर मागे झुकायची सवय लागते, कारण पुढे जायचंच नसतं. चालत्या बोर्डवर असं मागे झुकलं की बोर्ड पुढे सटकतो आणि आपण पाठीवर. पायी चालण्याच्या वेगाने जा. तेवढा वेग असला की उतरल्यावर बोर्ड खालून पळत नाही, उलट सांभाळून घेतो. नवख्याला हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं.

जुनाजोगी | ४ मार्च, रात्री ११:०५

थोडं अवांतर, पण राहवत नाही.

आपण ज्याला किकफ्लिप म्हणतो ती १९७० च्या दशकात वेगळीच होती. पाय फळीखाली अडकवून उलटवायचे, पॉप नाही. त्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडात ॲलन गेल्फंडने उतारावरून हात न लावता बोर्डसकट हवेत जायची युक्ती काढली. ऑली हे त्याचं टोपणनाव. सपाट जमिनीवरची ऑली रॉडनी मलनने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बसवली आणि मग एकदम बांधच फुटला. १९८३ च्या सुमाराची त्याची किकफ्लिप आधी मॅजिक फ्लिप म्हणून ओळखली जायची. हीलफ्लिप, इम्पॉसिबल, ३६० फ्लिप (म्हणजेच ट्रे फ्लिप), सगळं त्या दोन-चार वर्षांतलं आणि त्याच एका माणसाचं. तेव्हाचा फ्रीस्टाइल बोर्ड अरुंद आणि छोटा, म्हणजे भौतिकभाऊंच्या हिशोबात गिरकीला बरीच स्वस्ताई. रस्त्यावरच्या स्केटिंगमध्ये ट्रे फ्लिप रुजली १९९० च्या आसपास, त्यात जेसन लीचा मोठा वाटा.

म्हणजे चाकपाणी, तुम्ही ज्याच्याशी झगडताय ते एका माणसाने कोणी दाखवलेलं नसताना, असं काही होऊ शकतं हेच माहीत नसताना शोधलं. आपल्याकडे निदान स्लो मोशन आहे.

भौतिकभाऊ | ५ मार्च, सकाळी ९:३०

जुनाजोगी, इम्पॉसिबलचा उल्लेख केलात तर एक गंमत सांगतोच. बोर्डाला फिरायचे तीन अक्ष. लांबीचा अक्ष म्हणजे पलटी, उभा अक्ष म्हणजे गिरकी. हे दोन स्थिर. तिसरा आडवा, नोजवरून टेल अशी कोलांटी. त्याचं जडत्व या दोघांच्या मधलं, आणि मधल्या जडत्वाच्या अक्षाभोवती मोकळी वस्तू फिरवली की ती स्थिर राहत नाही, अर्ध्यात आपोआप पिळवटते. टेबल टेनिसची बॅट आडवी उडवून झेला, मूठ हातात येते पण बाजू बदललेली असते. म्हणून इम्पॉसिबलमध्ये बोर्ड मोकळा सोडतच नाहीत, मागच्या पायाला गुंडाळून फिरवतात. पाय सुटला की संपलं. मलनने हे कागदावर मांडून केलं नसणार, त्याच्या पायाला ते कळलं.

चाकपाणी | ८ मार्च, रात्री १०:१५

घेतला व्हिडिओ. तिरपी टाच, दंडवत.

सेकंदाला २४० फ्रेम. टेल जमिनीला लागते ती फ्रेम शून्य धरली. बोर्ड चाकांवर उतरतो १०० व्या फ्रेमला, म्हणजे ०.४ सेकंदाला थोडं वर. आता मागचा पाय. २४ व्या फ्रेमला तो टेलपासून सुटतो, गुडघा थोडा वर येतो, आणि ४० व्या फ्रेमपासून सरळ खाली निघतो. ७१ व्या फ्रेमला जमिनीवर. बोर्ड तेव्हा हवेत, उलटा, चाकं आकाशाकडे. म्हणजे बोर्ड नीट येणार की नाही हे कळायच्या कितीतरी आधी माझ्या पायाचा निर्णय झालेला. अकरा क्लिप बघितल्या. अकराच्या अकरा तशाच, पाच-सहा फ्रेम इकडेतिकडे.

त्याहून वाईट म्हणजे माझा चेहरा. डोळे बोर्डवर नाहीतच. उजवीकडे, जमिनीवर, जिथे पाय ठेवायचाय बरोबर त्या जागेकडे बघतोय. घर भाड्याने घेण्याआधी बघून यावं तसा.

आणि मी इथे लिहिलं होतं की फ्लिक कमी पडतोय.

तिरपी_टाच | ८ मार्च, रात्री १०:४०

हुश्श. निदान झालं.

आता हे करून बघा. एक पूर्ण दिवस ट्रे फ्लिप बसवायचीच नाही. उलटं करायचं. पुढचा पाय खुशाल जमिनीवर जाऊ द्या, पण मागचा बोर्डवर पडला पाहिजे. बोर्ड कसाही येवो, तिरका, अर्धवट, मागचा पाय त्याच्यावर. असे तीस केलेत की शरीराला कळतं की तो पाय तिथे ठेवून काही मरत नाही. मग दोन्ही.

दुसरं, नुसती ३६० शव-इट करा, पलटी न घेता. ढोपरफुट्यांचा स्कूप त्यात स्वच्छ कळतो. ती दहातून पाच आली की मगच पुढच्या पायाला कामाला लावा.

ढोपरफुट्या | ८ मार्च, रात्री १०:५८

व्हिडिओत अजून एक दिसतंय. खांदे. पॉपच्या क्षणी तुझी छाती पुढे, जायच्या दिशेला उघडते. खांदे बोर्डाला समांतर ठेव.

भौतिकभाऊ | ८ मार्च, रात्री ११:२०

तसं होणारच. मागचा पाय टेल घेऊन पाठीकडे झटकला की उरलेलं शरीर उलट्या बाजूला फिरू बघतं, आणि रेग्युलर माणसाची ती उलटी बाजू म्हणजे छाती पुढे. सोडून दिलंत तर शरीर आपोआप तिकडेच जाणार. हात थोडे पसरून धरले की ते फिरणं मंदावतं.

चाकपाणी | ९ मार्च, सकाळी ६:५०

आधी मागचा पाय. खांद्यांचं नंतर बघू.

चाकपाणी | १५ मार्च, रात्री ८:००

बातमी बरी नाही. मागच्या पायाचा दिवस झाला, तीसही झाले, मजा आली. आज दोन्ही पायांनी धीर करून उतरलो आणि बोर्ड प्रायमो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बोर्ड काठावर उभा, चाकं बाजूला, आणि आपण त्या काठावर. उजवा घोटा आत मुडपला. आवाज आला का ते आठवत नाही. बाहेरच्या बाजूला अंडं आल्यासारखी सूज. टेकत टेकत घरी आलो. मोडलंय का हे कसं ओळखायचं?

अस्थिर_अस्थी | १५ मार्च, रात्री ८:२५

हाडांच्या शस्त्रक्रियेत काम करतो. इथे निदान करत नाही, पण एक्स-रे काढायचा की नाही हे ठरवायला आम्ही जी ओटावा चाचणी वापरतो ती सांगतो.

घोट्याची दोन्ही बाजूंची टपोरी हाडं चाचपा. त्या हाडाच्या मागच्या कडेवर खालच्या ६ सेंमीत किंवा अगदी टोकावर दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे. मऊ सुजेवर दाबून दुखेलच, ते वेगळं, हाडावर दाबायचं. शिवाय मुरगळल्या मुरगळल्या आणि आत्ता, दोन्ही वेळा चार पावलं टाकता आली नाहीत तरीही एक्स-रे. लंगडत टाकलेलं पाऊल धरतात. पायाच्या मधल्या भागात, करंगळीच्या बाजूला जिथे हाडाचा उंचवटा लागतो तिथे किंवा त्याच्यासमोर आतल्या बाजूला हाडावर दुखलं तरी तेच. बधिरपणा असेल, पाय वाकडा दिसत असेल, तर या कशाचीही वाट न बघता दवाखाना.

यातलं काही नसेल तर बहुतेक अस्थिबंधाला ताण. पहिले एक-दोन दिवस आराम, पट्टा, पाय उंच. पण आठवडाभर खाटेवर पडून राहू नका. सोसेल तेवढं लवकर चालायला लागलात तर बरं लवकर होतं. सूज उतरली की एका पायावर तोल सांभाळायचा व्यायाम, आधी डोळे उघडे, मग मिटून. हा टाळणाऱ्यांचा घोटा परत परत मुरगळतो.

आणि सगळ्यांनाच सांगतो: पडताना तळहातावर पडलात आणि अंगठ्याच्या बुडाशी मनगटात जो खळगा असतो तिथे दुखत असेल तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नका. तिथल्या छोट्या हाडाची चीर सुरुवातीला बरेचदा दिसत नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा बघावं लागतं.

चाकपाणी | १५ मार्च, रात्री ८:५०

चार पावलं पडली, तेव्हाही आणि आत्ताही. हाडावर दुखत नाही, खालच्या मऊ भागात दुखतंय. तरी उद्या दाखवून येतो. आभार, डॉक्टर.

स्पष्टवक्ता | १६ मार्च, सकाळी १०:१०

राग मानू नका, पण ३६ व्या वर्षी हे धंदे कशाला? तेरा-चौदा वर्षांची पोरं ऑलिंपिक पदकं नेतात. हा खेळ त्यांचा.

जुनाजोगी | १६ मार्च, सकाळी १०:४०

पोरं नेतात हे खरं. टोकियोत २०२१ मध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा महिलांच्या स्ट्रीट प्रकारात मोमिजी निशियाने १३ व्या वर्षी सुवर्ण घेतलं. पण २०२४ च्या पॅरिसमध्ये पार्क प्रकारात ब्रिटनकडून उतरलेला अँडी मॅकडोनल्ड ५१ वर्षांचा होता. टोनी हॉकने हवेत अडीच गिरक्यांची ९०० पहिल्यांदा बसवली १९९९ मध्ये, वय ३१. २०१६ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, पुन्हा बसवली. चाकपाणी ना पदक मागतोय ना ९००. त्याला एक ट्रे फ्लिप हवी आहे.

ग्रिपटेप_गण्या | १६ मार्च, सकाळी १०:५५

काका फुल सपोर्ट

वाचनमात्र_वामन | २ एप्रिल, दुपारी ३:३०

धागा वर काढतोय. घोटा कसा आहे?

चाकपाणी | २ एप्रिल, रात्री ९:००

फ्रॅक्चर नव्हतं. अडीच आठवडे झाले, जिना विनातक्रार चढतो. दात घासताना रोज एका पायावर उभा राहतो, डोळे मिटून अजून दहा सेकंदांवर टिकत नाही. बोर्डवर फक्त फिरून आलो.

बसून बसून जुन्या क्लिप बघितल्या. गंमत अशी की ज्या प्रयत्नात घोटा मुडपला, तोच एक प्रयत्न असा की डोळे शेवटपर्यंत बोर्डवर होते. तो काठावर उभा राहतोय हेही मला दिसलं. पाय मागे घ्यायला मात्र वेळ नव्हता.

तिरपी_टाच | २ एप्रिल, रात्री ९:२५

म्हणजे आता जुनी सवय दुप्पट जोराने परत येणार, कारण या वेळी तिच्याकडे कारण आहे. थेट ट्रेवर जाऊ नका. आठवडाभर ऑली आणि किकफ्लिप, तेही दोन्ही पायांनी उतरायचं म्हणजे उतरायचं. मग ३६० शव-इट. एकाच ट्रिकचे शंभर रगडण्यापेक्षा आलटूनपालटून करा. त्या दिवशी प्रगती कमी वाटते, आठवड्याने जास्त टिकलेली दिसते. आणि दमल्यावर थांबा. "शेवटचा एक" म्हणून केलेल्या प्रयत्नातच बहुतेकांचं मोडतं.

प्रायमोची भीती असेल तर एक सांगते. बोर्ड काठावर उतरतो तो बहुधा पलटी अर्धवट राहिल्यामुळे, आणि ती अर्धवट राहते आपण तिच्या आधी खाली आल्यामुळे. उंच उडी घ्या, गुडघे पोटाशी. वर जास्त वेळ थांबणं हेच संरक्षण.

चाकपाणी | २७ एप्रिल, संध्याकाळी ७:३५

बसली.

सव्विसावा प्रयत्न. पायी चालण्याइतका वेग. अंगठा खोलग्यात, टाच वर. ओढलं तेव्हा टेल पायातून सुटताना बुटाच्या कडेला ग्रिपचा (फळीवरच्या खरखरीत थराचा) खर्र असा आवाज आला, हा आवाज आधी कधी आला नव्हता. मग बोर्ड खाली फिरताना नीट दिसला. सावकाश वगैरे काही नाही, पण दिसला: आधी ग्राफिक (फळीखालचं चित्र), मग चाकं, मग ग्रिपचा काळा रंग. काळा दिसला तेव्हा मागचा पाय आधी खाली गेला, त्याने बोर्ड दाबला, आणि पुढचा पाय मागून आला. बरोबर उलट्या क्रमाने, चार महिन्यांच्या. खूप खाली बसलो, डावा हात जमिनीला टेकला, तसाच पाच-सहा फूट गेलो आणि उभा राहिलो.

व्हिडिओ नाही. मोबाइलची बॅटरी वीस मिनिटं आधी संपली होती.

ग्रिपटेप_गण्या | २७ एप्रिल, संध्याकाळी ७:३८

काकाााा 🔥🔥 पण हात टेकला ना? मग धरत नाहीत 😅

ढोपरफुट्या | २७ एप्रिल, संध्याकाळी ७:५०

गण्या, गप. पहिली नेहमी धरतात.

(स्पर्धेत नाही धरणार. इथे धरतात.)

अस्थिर_अस्थी | २७ एप्रिल, रात्री ८:१५

अभिनंदन. घोट्याला पट्टा होता ना?

चाकपाणी | २७ एप्रिल, रात्री ८:२०

होता. डावा हात खरचटलाय, मनगटाचा तो खळगा दाबून बघितला, दुखत नाही.

स्पष्टवक्ता | २७ एप्रिल, रात्री ९:०५

बरं झालं. मी काही तुमचं वाईट चिंतलं नव्हतं.

चाकपाणी | ११ मे, रात्री ९:१०

पुढचं सांगतो, कारण असे धागे नेहमी "बसली" वर थांबतात आणि त्यानंतरचं कोणी लिहीत नाही.

२७ तारखेनंतर नऊ दिवस एकही नाही. शून्य. त्या एका वेळी मी नक्की काय केलं तेच हरवलं. रोज तो खर्र आवाज शोधत होतो. मग ७ मेला एक, ९ ला दोन, आज तीस प्रयत्नांत सहा, त्यांतल्या दोनदा हात न टेकता. व्हिडिओ आहे, खाली जोडतोय. मागचा पाय आता ७१ व्या फ्रेमला जमिनीवर जात नाही. ९० च्या पुढे बोर्डवर येतो. उजव्या बुटाची कड घासायला लागली आहे, फोटो ढोपरफुट्यांसाठी.

एक अडचण. वेग थोडा वाढवला की गिरकी ३६० होत नाही, ३२०-३३० वर थांबते. बोर्ड तिरका उतरतो, चाकं आडवी घासतात आणि मी पुढे फेकला जातो. सावकाश असताना असं होत नाही. स्कूप अजून जोरात मारू का?

ढोपरफुट्या | ११ मे, रात्री ९:३२

नको. खांदे. ८ मार्चला सांगितलं होतं, तू म्हणालास नंतर बघू.